नक्कल घ्यावी, नाळ तोडू नये

संगणकाचा विषय निघाला की आपल्या कला शाखेतील पुष्कळ मंडळी ‘ते शास्त्रवाल्यांचे काम’ असे म्हणून मोकळी होतात. या लेखाचा विषय कळल्यावर मलाही मैत्रिणींनी विचारले, ‘अगं, तू मराठीची विद्यार्थिनी. वार्षिक अंकाला कविता द्यावीस, ललित लेख द्यावास. हे कोडचे खूळ कुठून काढलेस?’ त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच हा लेख आहे. माझे म्हणणे असे की, कोडच्या जगात आज ठिकठिकाणी जो एक प्रश्न उभा राहतो तो मुळात पोथ्यांचा प्रश्न आहे. म्हणजेच भाषा, साहित्य आणि इतिहास शिकणाऱ्यांचा आहे. एका ग्रंथाच्या नकला होतात. नकला आपापल्या वाटेने वाढतात, मूळही पुढे जाते, आणि एक दिवस दोघांची एकमेकांशी ओळख पटेनाशी होते. अशी दुरावलेली नक्कल मुळाशी पुन्हा कशी जोडावी, आणि मुळात ती जोडावी तरी का, यासंबंधी मला माझे मत मांडायचे आहे.

विषय नवा असल्यामुळे आधी त्याची थोडक्यात ओळख करून देते. कोड म्हणजे संगणकाने काय करावे याच्या सूचनांचा लिहिलेला मजकूर. तो माणसेच लिहितात, माणसेच त्यात चुका करतात आणि माणसेच त्या दुरुस्त करतात. जगातील पुष्कळ कोड मुक्त परवान्याने सर्वांना खुला असतो. कोणीही घ्यावा, वापरावा, आपल्या गरजेप्रमाणे बदलावा. हा मजकूर आणि त्यात आजवर झालेल्या सर्व बदलांची नोंद ज्या भांडारात ठेवतात त्याला रिपॉझिटरी म्हणतात. अशी नोंद ठेवण्याचे आज सर्वांत अधिक वापरात असलेले साधन म्हणजे गिट. लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये तयार केले.

शेतकऱ्यांच्या मुलांना गिट समजावून सांगायचे तर सातबाऱ्यासारखे दुसरे उदाहरण नाही. सातबारा पाहिला की आज जमीन कोणाच्या नावावर आहे, किती आहे, तीत कोणते पीक आहे हे कळते. पण ती त्या नावावर कशी आली, वाटप केव्हा झाले, खरेदी कोणाकडून झाली, हे जाणून घ्यायचे असेल तर फेरफार काढावे लागतात. कोडचा आजचा मजकूर हा सातबारा, आणि गिटमधील नोंदी हे फेरफार. या नोंदींना कमिट म्हणतात. बदल कोणी केला, कधी केला, कशासाठी केला हे प्रत्येक नोंदीत असते, आणि तिच्या आधीची नोंद कोणती हेही असते. प्रत्येक नोंदीला सामान्यतः ४० अक्षरांची एक खूण मिळते. ती खूण नोंदीतील मजकूर आणि मागच्या नोंदीची खूण या दोहोंवरून काढलेली असते. त्यामुळे मागे जाऊन गुपचूप एक अक्षर जरी बदलले तरी पुढच्या सगळ्या खुणा बदलतात आणि लबाडी उघडी पडते. आपल्याकडील बांधाचे किती तंटे या सोयीने मिटले असते!

ज्या मूळ प्रकल्पातून आपण नक्कल घेतो त्याला या क्षेत्रात अपस्ट्रीम म्हणतात, म्हणजे प्रवाहाची वरची बाजू. घोड नदीच्या काठच्या आपल्याला हा शब्द समजायला जड जाऊ नये. डिंभ्याहून पाणी खाली येते तशा मूळ प्रकल्पातील सुधारणा आपल्या नकलेत उतरतात. नदीचे पाणी मात्र पुन्हा डिंभ्याला चढत नाही. कोडमध्ये ते चढू शकते. कळंबच्या एखाद्या मुलाने केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पात जाऊन तिथून साऱ्या जगात उतरू शकते. त्यासाठी खालच्या नकलेचा वरच्या प्रवाहाशी संबंध मात्र शाबूत असावा लागतो.

तो तुटला की काय होते, याचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. आमच्या भागातील एका वाचनालयात शेजारच्या एका दादाने काही वर्षांपूर्वी ग्रंथालयाचे एक मुक्त सॉफ्टवेअर बसवून दिले. काम फुकट केले आणि मनापासून केले. मूळ प्रकल्पाची संपूर्ण रिपॉझिटरी उतरवून घेण्याऐवजी त्याने त्या दिवसाच्या मजकुराची झिप फाइल घेतली होती. म्हणजे सातबारा आणला, फेरफार तिथेच राहिले. झिप उघडून त्याने आपल्या संगणकावर गिटची नवी वही सुरू केली आणि तीत पहिली नोंद केली. त्या नोंदीला मागची नोंद नव्हती. पुढे तीन वर्षे तो त्यात भर घालीत राहिला. पावत्या मराठीत आल्या. सभासदाच्या अर्जात गावाबरोबर वाडीचे नाव आले.

त्याची सर्वांत मोलाची दुरुस्ती अक्षरांच्या क्रमाची होती. संगणकात अक्षरांना क्रमांक देण्याची जी युनिकोड नावाची पद्धत आहे, तीत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी येतो. मराठी वर्णमालेत त्याची जागा ‘ह’नंतर आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने मराठीचा वेगळा विचार केला नसेल तर गावांच्या यादीत कळंब आधी येते आणि कवठे नंतर. मराठी कोशाच्या क्रमाने कवठे आधी आणि कळंब नंतर यायला हवे. ज्याला कोश पाहण्याची सवय आहे त्याला या यादीत आपल्याच गावाचे नाव सापडत नाही. दादाने ही खोड काढली. अशी दुरुस्ती मुंबईच्या, नागपूरच्या, बेळगावच्या वाचनालयालाही उपयोगी पडली असती. पण ती त्या एका संगणकात अडकून पडली.

दरम्यान मूळ सॉफ्टवेअर पुढे गेले. त्याच्या नव्या आवृत्त्या आल्या, सुरक्षेच्या दुरुस्त्या झाल्या. वाचनालयाची प्रत होती तिथेच राहिली. शेवटी जुनी प्रत नव्या संगणकावर नीट चालेना, तेव्हा विचारविनिमय सुरू झाला. एक पक्ष म्हणाला, ‘नवी आवृत्ती बसवा, आपले बदल सोडून द्या.’ दुसरा म्हणाला, ‘आपले चालले आहे ते चालू द्या, मुळाशी आपल्याला काय करायचे?’ पहिल्या मार्गाने तीन वर्षांची मेहनत आणि मराठी पावती दोन्ही जाणार होती. दुसऱ्या मार्गाने आज ना उद्या सगळ्या सभासदांच्या नोंदी धोक्यात येणार होत्या. व्यवहारात बहुतेक जण या दोहोंपैकी एक पत्करतात. माझे म्हणणे आहे की तिसरा मार्ग असतो आणि तोच कष्टाचा असला तरी योग्य असतो. दुरावलेली नक्कल मुळाशी जोडून घ्यावी, दोन्हीकडचे चांगले ते राखावे.

पण जोडायचे म्हणजे दोन प्रती शेजारी ठेवून फरक तेवढे मिटवायचे, असे समजू नये. त्याचे कारण एका साध्या उदाहरणाने सांगते. समजा, आपल्या प्रतीत पुस्तक परत करण्याची मुदत १५ दिवस आहे आणि नव्या मूळ प्रतीत ७ दिवस आहे. खरे कोणते? नुसत्या या दोन प्रती पाहून कोणालाही सांगता येणार नाही. आपण वेगळे झालो त्या दिवशी मुळात ७ दिवस असतील तर १५ हा आपण जाणूनबुजून केलेला बदल आहे. तो राखला पाहिजे. त्या दिवशी मुळात १५ असतील तर आपण काहीच केलेले नाही, बदल त्यांनी केला आहे. तो निदान विचारात घेतला पाहिजे. म्हणजे न्याय करायला तिसरा साक्षीदार लागतो, आणि तो म्हणजे ज्या ठिकाणी दोन वाटा फुटल्या ती शेवटची समान प्रत. गिट हेच करते. दोन फांद्या जोडताना ते आधी त्यांचा समान पूर्वज शोधते. आणि ज्या दोन इतिहासांना समान पूर्वजच नाही ते जोडायला, जून २०१६ मध्ये आलेल्या २.९ या आवृत्तीपासून, ते सरळ नकार देते. मुद्दाम आज्ञा देऊन हा नकार मोडता येतो. पण मग दोन्हीकडे वेगळी असलेली प्रत्येक फाइल भांडण म्हणून समोर येते, आणि शेकडो भांडणे एका बैठकीत सोडवायला बसलेला माणूस कंटाळून काहीतरी खोडून टाकतो.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवीन नाही. श्रीज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली. नकलांमागून नकला होत गेल्या, पाठ बदलले, भर पडली. सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी प्रती मिळवून तिचे शुद्धीकरण केले आणि पुढे कोणी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावले. नाथांचे हे उपकार मराठी भाषा कधीच विसरणार नाही. परंतु त्यांनी कोणत्या प्रती पाहिल्या, कोणता पाठ कुठे सोडला, याची तपशीलवार नोंद आपल्या हाती नाही. म्हणूनच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि ती नाथांच्या आधीची असल्याचे मत मांडले, तेव्हा अभ्यासकांत वाद सुरू झाला. नोंद असती तर वादाचे पुष्कळसे मुद्दे उरलेच नसते.

याच्या शेजारी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे काम ठेवून पाहावे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचा आरंभ तिथे १९१९ मध्ये झाला. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. देशभरातून आणि बाहेरूनही हस्तलिखिते मिळवण्यात आली. त्यांची संख्या १२५९ सांगितली जाते. शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांप्रमाणे त्यांची कुळे लावली गेली, उत्तरेची शाखा कोणती आणि दक्षिणेची कोणती हे ठरवले गेले. सुकथनकरांचे निधन १९४३ मध्ये झाले. पुढे बेलवलकर आणि वैद्य यांनी काम तडीस नेले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. मला या कामात सर्वांत मोठी वाटते ती एक गोष्ट. जे पाठ मुख्य संहितेत घेतले नाहीत ते फेकून दिले नाहीत. ते त्याच पानाच्या तळाशी, नाहीतर परिशिष्टात, कोणत्या प्रतीत आहेत या खुणेसह छापले. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर तो स्वतः तपासून पाहू शकतो. सत्तेचाळीस वर्षे काही विद्वान हाताने जे करीत होते तेच आज गिट क्षणात करते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल; कारण निर्णय तेव्हाही माणसाला करावा लागला आणि आजही करावा लागतो. पण शिस्त तीच आहे.

आता वाचनालयाच्या प्रतीचे काय झाले ते सांगते. दिवाळीच्या सुट्टीत दादा हे काम घेऊन बसला आणि मराठी मजकूर तपासण्यासाठी मी त्याच्याबरोबर बसले. प्रथम जुनी प्रत जशीच्या तशी वेगळी ठेवली. मग मूळ प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास उतरवून घेतला. झिप कोणत्या आवृत्तीची होती हे कोणी लिहून ठेवले नव्हते. तेव्हा आमची पहिली नोंद मूळ प्रकल्पाच्या एकेका आवृत्तीशी ताडून पाहायला सुरुवात केली. फरक कमी कमी होत गेला आणि एका आवृत्तीशी ताडल्यावर एका अक्षराचाही फरक निघाला नाही. वाट फुटली ती जागा सापडली. त्यानंतर आमच्या पहिल्या नोंदीची मागची नोंद ही आहे, असे गिटला सांगितले.

या क्रियेला गिटमध्ये जे नाव आहे ते ऐकून मला मौज वाटली. त्याला ग्राफ्ट म्हणतात, म्हणजे चक्क कलम. जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागांत डॉगरिजचा खुंट लावून त्यावर आपल्याला हव्या त्या जातीचे पाचर कलम भरतात. खुंटाची मुळे आणि वरच्या काडीचा घड, दोन्ही टिकतात. खुद्द लिनक्सच्या बाबतीतही हे झाले आहे. त्याच्या गिटमधील इतिहासाला १६ एप्रिल २००५ रोजी आरंभ झाला; आधीच्या नोंदी टोरव्हाल्ड्स यांनी त्यात आणल्या नाहीत. पुढे इतरांनी त्या जुन्या नोंदी वेगळ्या रिपॉझिटरीत उतरवल्या, आणि ज्याला हवे त्याला आता दोन्ही इतिहास कलमाने जोडून एका सलग धाग्यात पाहता येतात.

कलम बसल्यावर नवी आवृत्ती आमच्या प्रतीत मिसळली. जिथे एकाच बाजूने बदल होता तिथे गिटने तो आपोआप घेतला. जिथे दोघांनीही एकाच ओळीत हात घातला होता तिथे ते थांबले आणि दोन्ही पाठ समोर ठेवून ‘तुम्हीच ठरवा’ म्हणाले. त्यातील एक जागा सांगण्यासारखी आहे. पुस्तक आणखी काही दिवस ठेवून घेण्याच्या क्रियेला दादाने ‘मुदतवाढ’ असा शब्द घातला होता. मधल्या काळात मूळ प्रकल्पात कोणी तरी मराठी भाषांतर करून ‘नूतनीकरण’ असे लिहिले होते. संगणकाला दोन्ही सारखेच. आमच्या वाचनालयात येणाऱ्या आजोबांना मात्र ‘नूतनीकरण’ म्हटले की घराला रंग द्यायचा आहे असे वाटेल! तिथे ‘मुदतवाढ’ राहिला. उलट दुसऱ्या काही ठिकाणी त्यांचा शब्द अधिक नेमका होता, तो आम्ही घेतला. हा निर्णय यंत्राचा नव्हता, शास्त्र शाखेचाही नव्हता. तो भाषेचा होता. ‘कला शाखेचा इथे काय संबंध’ असे विचारणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर मला देता येणार नाही.

अक्षरक्रमाची दुरुस्ती आम्ही वेगळी काढून मूळ प्रकल्पाकडे पाठवली. त्यांनी दोन शंका विचारल्या. ‘ळ’ची जागा दाखवणारी शब्दांची यादी देऊन आम्ही उत्तर दिले. हा लेख लिहीपर्यंत निर्णय झालेला नाही. तो अनुकूल होईलच असे नाही. पण दुरुस्ती आता त्या एका संगणकात अडकलेली नाही, एवढे खरे.

कोणी म्हणेल, ही खेड्यातील लहानशी गोष्ट. मोठ्या जगात असे थोडेच होते? मोठ्या जगात हेच मोठ्या प्रमाणावर होते. ॲपल कंपनीने जानेवारी २००३ मध्ये सफारी हा ब्राउझर जाहीर केला. त्याचा गाभा केडीई या प्रकल्पातील स्वयंसेवकांनी लिहिलेल्या केएचटीएमएल या कोडवरून घेतलेला होता. परवान्याप्रमाणे ॲपलने आपला बदललेला कोड खुला केला. पण तो मोठमोठ्या गठ्ठ्यांनी, कोणता बदल कशासाठी हे उलगडणार नाही अशा रीतीने. मूळ लेखकांना त्यातून वेचून घेणे फार जड गेले आणि २००५ मध्ये ही नाराजी उघड झाली. त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने वेबकिट नावाने रिपॉझिटरी इतिहासासह खुली केली. तरी तोपर्यंत अंतर इतके वाढले होते की दोन्ही पुन्हा एक झाले नाहीत. कायदा पाळला गेला, पण नाळ तुटली ती तुटलीच.

दुसरे उदाहरण आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोनचा पाया लिनक्सचाच. फोनची बॅटरी वाचवण्यासाठी गूगलने त्यात स्वतःचे बदल केले. ते मूळ लिनक्सच्या मंडळींना त्या रूपात पटले नाहीत, आणि २०१० च्या आरंभी अँड्रॉइडचा कोड मूळ प्रकल्पातून काढून टाकण्यात आला. दोन वाटा झाल्या. फोनसाठी लिहिलेले काम मुळात जाईना आणि मुळातील सुधारणा फोनला सहज मिळेनात. अखेर वाटाघाटी झाल्या, पटण्यासारखी दुसरी रचना शोधली गेली, आणि मार्च २०१२ मध्ये आलेल्या लिनक्स ३.३ पासून अँड्रॉइडचा कोड पुन्हा मूळ प्रवाहात येऊ लागला. काम त्या एका दिवसात संपले नाही, पुढे अनेक वर्षे चालले. परंतु गूगलसारख्या धनाढ्य कंपनीलाही वेगळे राहणे महाग पडले, मग आपल्या वाचनालयाला ते कसे परवडावे?

माझ्या मतावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला स्वाभिमानाचा. ‘नेहमी मुळाकडेच का पाहायचे? आपले आपण स्वतंत्र का होऊ नये?’ अवश्य व्हावे. मुक्त परवाना हा हक्क देतोच, आणि कित्येकदा वेगळी वाट धरणारी नक्कलच मुळापेक्षा सरस ठरते. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरचे तसेच झाले. १९९७ मध्ये त्यातून फुटून निघालेली ईजीसीएस ही शाखा इतकी पुढे गेली की १९९९ मध्ये तीच अधिकृत जीसीसी म्हणून मान्य झाली. पण स्वतंत्र होणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा. झिप फाइल घेण्याच्या सवयीमुळे घडलेले स्वातंत्र्य हे जत्रेत हरवलेल्या मुलाचे स्वातंत्र्य होय.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ‘वरचे लोक आमचे ऐकतात कुठे? त्यांची भाषा इंग्रजी, त्यांच्या गरजा वेगळ्या. कळंबच्या ‘ळ’ची त्यांना काय पर्वा?’ या तक्रारीत तथ्य आहे. मूळ प्रकल्प सांभाळणारी माणसे थोडी असतात, त्यांना वेळ नसतो, आणि दूरच्या भाषेची अडचण त्यांना पटकन उमजत नाही. अँड्रॉइडच्या वादातही दोष एकाच बाजूचा होता असे मला वाटत नाही. मुळानेही आपले दार उघडे ठेवले पाहिजे. तरीसुद्धा, जी दुरुस्ती पाठवलीच नाही ती नाकारली असे कसे म्हणता येईल? आणि नाकारली तरी, इतिहास जोडलेला असेल तर आपला बदल वेगळा, ओळखू येईल असा राहतो. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो पुढे नेता येतो. शेताची नांगरट दरवर्षी केली तर बैलांना जड जात नाही. पाच वर्षे पडीक ठेवलेले रान मात्र फाळ मोडते. जोडणीचेही तसेच आहे.

आता माझ्या मनातील मुख्य गोष्ट. जोडणी करण्याच्या दोन रीती आहेत. एकीला मर्ज म्हणतात. तीत एक नवी नोंद होते आणि तिला दोन मागच्या नोंदी असतात, एक आपली आणि एक मुळाची. दोन्ही वाटा जशा घडल्या तशा दिसत राहतात. दुसरीला रिबेस म्हणतात. तीत आपले सारे बदल उचलून मुळाच्या अगदी ताज्या टोकावर नव्याने लिहिले जातात. जणू काही आपण कधी वेगळे नव्हतोच, कालच मुळापासून निघालो. इतिहास सरळ आणि देखणा दिसतो. आपले दोन-चार दिवसांचे, कोणाला न दिलेले काम असेल तर रिबेस करायला हरकत नाही. पण वर्षानुवर्षे केलेल्या, लोकांनी वापरलेल्या कामाला ती रीत लावली की ते काम कोणत्या परिस्थितीत, कोणत्या अडचणीतून झाले हे पुसले जाते. म्हणून जुन्या दुराव्यासाठी मर्जच बरा, असे माझे मत आहे. सांधा दिसला तर दिसू द्यावा.

हे मला कोडपुरते वाटत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्यासारखे पुष्कळ जण या वर्गांतून बसलेले आहेत. घरी ‘मपली वही’ म्हणायचे आणि इथे ‘माझी वही’. घरच्या जात्यावरची गाणी एकीकडे आणि छंदशास्त्र दुसरीकडे. शिक्षण हा आमच्यासाठी मोठा प्रवाह आहे आणि त्याला येऊन मिळण्यासाठीच आई-वडिलांनी आम्हाला पाठवले. पण मिळायचे कसे? आपला मागचा इतिहास खोडून, जणू आपण पिढ्यान्‌पिढ्या असेच बोलत होतो असे दाखवायचे, की दोन्ही मुळांची नावे सांगून मिळायचे? पहिल्या रीतीने वाट सरळ दिसते, टोमणे चुकतात. परंतु मग ‘मपला-तुपला’ बोलणाऱ्या माणसांजवळ जे शब्द, जी शेतीची आणि पाण्याची जाण आहे, ती विद्येच्या मोठ्या भांडारात कोण नेणार? ती वर चढवायची तर आमच्याच हातून चढेल. आणि घरी परत जाताना वरचे चांगले ते खाली नेण्याचे कामही आमचेच.

म्हणून शेवटी थोडी विनंती. आपल्या महाविद्यालयात, पतपेढीत, वाचनालयात, ग्रामपंचायतीत कोणी मुक्त कोड घेणार असेल तर त्याने तो इतिहासासह घ्यावा. झिप घेणे भागच पडले तर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख पहिल्याच नोंदीत लिहून ठेवावी; त्याला एक मिनिट लागते आणि ते न केल्यास आमच्यासारखी सगळी सुट्टी शोधात जाते. बदल लहान लहान ठेवावेत आणि प्रत्येकाचे कारण साध्या मराठीत का होईना लिहावे. नवी आवृत्ती आली की ती लगोलग मिसळून घ्यावी. आणि आपली जी दुरुस्ती इतरांच्या उपयोगाची आहे ती संकोच न करता, आपल्या नावाने, वर पाठवावी. प्राध्यापक महोदयांना विनंती अशी की, पाठचिकित्सा शिकवताना एक तास या विषयालाही द्यावा. ज्यांना ज्ञानेश्वरीचे पाठभेद समजतात त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. आणि मराठी जाणणारे या कामात उतरले नाहीत तर ‘कळंब’ कोणत्या जागी लिहायचे हे मराठी न जाणणारे ठरवतील.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला